आबांच्या वहीतल्या फुल्या

मी चिडकी आहे. आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी नाक मुरडायला नको. नगरच्या शाळेत गणित शिकवण्यात हयात गेली आणि पोरांनी माझं काय नाव ठेवलं होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. इथे लिहीत नाही. पण गेल्या हिवाळ्याइतकी मी कधी चिडले नव्हते, आणि तो राग अजून उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

रागाचं कारण एक खांब आहे. पाथर्डी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला माझं माहेर. गावाच्या अगदी कडेला, माळाला लागून आमचं दोन खोल्यांचं घर, आणि त्या घरापासून वीस पावलांवर दसऱ्याच्या सुमाराला हायमास्ट उभा राहिला. उंचच उंच लोखंडी खांब आणि त्याच्या डोक्यावर चहूकडे तोंड करून बसवलेले मोठमोठे पांढरे दिवे. दिवेलागणीला ते आपोआप पेटतात आणि उजाडेपर्यंत जळतात. कुणासाठी? दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव कोयता घेऊन उसाला जातं. माझे दोन्ही भाऊ, भावजया, सगळे साखर कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहतात, ते थेट शिमग्याच्या आसपास परत येतात. मागे उरतात म्हातारी माणसं, चार शेळ्या आणि दारांना लावलेली कुलुपं. हा उजेड त्या कुलपांवर पडतो. कुलपांना रात्रभर काय वाचायचं असतं, देव जाणे.

आमच्या घरात मागे राहतात ते आबा, माझे वडील. ऐंशी ओलांडली आहे. गुडघे गेले तोवर त्यांनी ऊस तोडला. आई गेल्यापासून हिवाळाभर एकटेच असतात, अंगणात बाज टाकून. मला पहिले तारे त्यांनीच दाखवले, कोपीच्या दारात. तेव्हा आमच्याकडे घड्याळ नव्हतं. तिकांडं, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, डोक्यावरून कललं की गाड्या जुंपायच्या, असा त्यांचा हिशोब. पुढे शहरात येऊन मी पुस्तकांतून मृग नि व्याध शिकले तेव्हा कळलं की आपल्या बापाला हे सगळं येतंच, फक्त नावं वेगळी आहेत.

नगरला आम्ही तिघं आभाळ बघणारी. एक मी. दुसरे एमआयडीसीतले एक टर्नर, सुट्टीच्या दिवशी हाताने काच घासून दुर्बिणीचे आरसे बनवणारे. तिसऱ्या म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर. रविवारी चर्चहून आल्या की आठवड्याच्या नोंदी तपासायला बसतात आणि आमच्या चुका लाल शाईने काढतात. नगरचं आभाळ कधीच गेलं. शिंगणापूरच्या बाजूला सरकून बघितलं, तर तिथेही वाहनतळ, दुकानं, कमानी, सगळं लखलखीत. म्हणून दर अमावास्येला टर्नरच्या जीपमध्ये दुर्बीण टाकायची आणि आबांच्या माळावर जायचं, असा आमचा नेम पडला.

काम साधं आहे. काही ताऱ्यांचा उजेड कमीजास्त होत असतो. तो शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचा आणि लिहून ठेवायचा. जगभरची हौशी माणसं अशा नोंदी पाठवतात आणि त्या एका ठिकाणी जमा होतात. त्यातला एक तारा तिमिंगल नावाच्या तारकासमूहात आहे. साधारण अकरा महिन्यांनी तो उजळतो, काही आठवडे नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि मग इतका मंदावतो की ती जागा रिकामीच वाटते. मी तो आबांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा ते म्हणाले, "ही तर आपल्यावानीच हाय. येतीजाती." तेव्हापासून तिचं नाव येतीजाती. आजूबाजूच्या ताऱ्यांना ते शेजारणी म्हणतात.

आबांना सहीपुरतं लिहिता येतं. म्हणून नोंदीची त्यांनी स्वतःची रीत काढली. खुंटीला दोरीने शंभरपानी वही टांगलेली, तिला पेन्सिल बांधलेली. दर महिन्याला मी तारखा आखून देते. येतीजाती अगदी बारीक दिसली तर खसखशीएवढा ठिपका. थोडी वाढली तर राळ्याएवढा, मग बाजरीएवढा, मग ज्वारीएवढा. ढग असले तर जागा कोरी. आभाळ मोकळं असून दिसली नाही तर फुली. मग फोन करून मला सांगायचं, कोणत्या शेजारणीपेक्षा मोठी नि कोणत्या शेजारणीपेक्षा बारीक, आणि मी त्याचा आकडा करून आमच्या रजिस्टरला चढवायचा. टर्नरची दुर्बीण केवढी मोठी, पण येतीजाती नुसत्या डोळ्यांनी पहिल्यांदा धरायची ती आबांनीच. तिथे आम्ही तिघंही त्यांच्यापुढे पाणी भरतो. मी त्यांना एकच नियम सांगितला होता, की दिसलं तेच सांगायचं. त्यावर ते हसले होते. "मंग न दिसल्यालं कशापायी सांगील मानूस?"

मधली काही वर्षं येतीजाती उन्हाळ्याच्या तोंडाला आली. त्या दिवसांत ती सूर्याच्या अंगाला असते, कुणाच्याच नजरेला पडत नाही. आता इतक्या वर्षांनी ती हिवाळ्यात, अंधार पडता पडता, आबांच्या बाजेवरून सरळ समोर दिसणार होती. पावसाळ्यापासून आबांनी धोशा लावला होता. "औंदा गाठ पडली पायजे, बाई. फुडलं कुनी बघितलंय?" एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा बरा. गुडघ्यांनी बाजेवर बसवलेलं. बाकी जगाकडून त्यांना काही नको होतं. फक्त ही एक गाठ.

आणि आता आमच्या शहाणपणाची गोष्ट ऐका. तो खांब सरकारने आणला नाही, सरपंचाने आणला नाही. तो आम्ही आणला.

झालं असं की गावाचं आभाळ जपलं जावं म्हणून आम्ही गावाचा सत्कार करायचं ठरवलं. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सन्मानपत्र द्यायचं. आम्ही जिल्ह्यात जिथे जिथे आभाळ बघितलं, त्यात सगळ्यांत काळोखं आभाळ या गावाचं, असा मजकूर सिस्टरांनी सुवाच्य अक्षरात लिहिला. टर्नरनी फ्रेम केली. भाषण मी ठोकलं. तुमचा अंधार ही तुमची दौलत आहे, म्हणाले. काय अक्कल! ज्या गावाने विजेसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, ज्या बायका चिमणीच्या उजेडात भाकऱ्या थापून म्हाताऱ्या झाल्या, त्यांना आम्ही अंधाराचं बक्षीस देत होतो. टर्नर नि सिस्टर बाहेरची माणसं. मी तर त्याच चिमणीच्या उजेडात पाढे पाठ केलेले. मला तरी कळायला हवं होतं की नाही? लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पाहुण्यांसाठी वाजवायच्या असतात.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. सरपंच फ्रेम धरून उभे आणि वर ठळक अक्षरात, जिल्ह्यातलं सर्वांत अंधारं गाव.

दुपारी सरपंचांचा फोन. "मॅडम, माहेरवाशीण म्हणून तुमचा मान ठेवला, आणि तुम्ही गावाची अब्रू वेशीला टांगली. आता आमच्या पोरांना मुलगी कोण देणार?" मी समजावू लागले तर त्यांनी फोन ठेवला. मग ते पेपरचं कात्रण घेऊन पुढाऱ्यांच्या दारात जाऊन बसले. एरवी गावाची फाइल वर्षभर टेबलावरून हलत नाही. हे काम दीड महिन्यात झालं. खांब उभा करायला मोकळी जागा लागते, ती आमच्या घरासमोर होती. आणि उद्घाटनाचा नारळ गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातून फोडायचा ठरला. म्हणजे आबांच्या. त्या दिवशी मी फोन केला तर इतकंच म्हणाले, "नारळ चांगला निघाला." पायावर धोंडा पाडून घ्यावा तर असा.

मग सुरू झाली धावपळ. मी अर्ज केले. एका कार्यालयातल्या साहेबांनी माझा अर्ज दोनदा वाचला आणि शेजारच्या टेबलवाल्याला बोलावून दाखवला. "बाई, दिवा लावा म्हणून अर्ज येतात. विझवा म्हणून हा पहिलाच." मी म्हटलं, विझवा म्हणत नाहीये, नीट लावा म्हणतेय. दिव्यावर टोप बसवा, म्हणजे उजेड जमिनीवर पडेल, आभाळात नि माणसांच्या डोळ्यांत जाणार नाही. गाव झोपलं की मंद करा. ते म्हणाले, हे आमच्याकडे नाही, पलीकडच्या इमारतीत. पलीकडच्या इमारतीत म्हणाले, ग्रामपंचायतीकडे. टर्नरनी पत्र्याचा टोप करून दाखवला, इतका सफाईदार की मलाच घरी न्यावासा वाटला. ठेकेदाराच्या माणसाने तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "खांबाला हात लावला तर गॅरंटी जाईल." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

माणसं उसाला निघण्याआधी एक बैठक झाली, तिथेही आम्ही गेलो. आमच्या शेजारची एक बाई उभी राहिली, माझ्याच वयाची. "तुमचं तारं ऱ्हाऊ द्या. बिबट्या येतो. सांच्याला भाईर पडायचं म्हनलं तर जीव मुठीत धरावा लागतो." ती खोटं बोलत नव्हती. बिबट्या खरंच येतो. बैठक उठल्यावर रात्रीच मी तिला घेऊन तिच्या घरामागे गेले. तिचं संडास तिकडे होतं आणि घराच्या सावलीमुळे तिथे डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. समोरच्या झगझगाटाने डोळे दिपलेले, त्यामुळे तो अंधार आणखी दाट. मी म्हटलं, तुला इथे, दारावर, खाली तोंड असलेला लहान दिवा हवा, माळावरचा खांब नव्हे. तिला पटलं. पण आठवड्यात ती कोयता घेऊन गेली, तिच्या दाराला कुलूप लागलं आणि मला साक्षीदार उरला नाही.

आबा रोज बाजेवर बसत होते आणि फोनवर तेच सांगत होते. "न्हाई दिसली. डोळ्यांत निसता उजेड." फुली. परत फुली. मी धडाधड स्मरणपत्रं पाठवत होते.

मग एके दिवशी संध्याकाळी फोन आला. "आली गं. लई बारीक हाय, खसखशीवानी." मी उडालेच. दिव्याचं काय केलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हाताचा आडोसा करतो." मी आकडा लिहिला. दोन दिवसांनी पुन्हा फोन, मग पुन्हा. खालच्या शेजारणीच्या बरोबरीला आली, मग तिच्याहून जरा मोठी. टर्नर नगरहून दुर्बिणीतून बघत होते, त्यांचे आकडे आबांच्या आकड्यांशी जुळत होते. सिस्टर म्हणाल्या, तुमचे वडील म्हणजे कमाल आहे. मी ताठ मानेने सगळ्या नोंदी पाठवून दिल्या. आणि खरं सांगते, माझा भांडणाचा जोर ओसरला. आबांना दिसतंय ना, मग झालं. शेवटचं स्मरणपत्र ड्रॉवरमध्येच राहिलं.

पौषातल्या अमावास्येला आम्ही तिघं गावी गेलो. दुपारची वेळ, आबा घरामागे शेळीला पाला घालत होते. पुढच्या महिन्याच्या तारखा आखाव्यात म्हणून मी खुंटीवरची वही काढली.

पान फुल्यांनी भरलेलं होतं.

मला वाटलं, चुकीचं पान उघडलं. तारखा माझ्याच हातच्या होत्या. पिशवीतून रजिस्टर काढून शेजारी ठेवलं. ज्या अकरा तारखांना माझ्याकडे अकरा आकडे होते, त्या अकरा तारखांना आबांच्या वहीत अकरा फुल्या होत्या. एकही खसखस नाही, एकही राळा नाही. इतकी वर्षं त्यांनी येतीजाती वाढताना बघितली होती की न बघताही ती आज कुठवर आली असेल हे त्यांना सांगता येत होतं. म्हणून तर आकडे जुळले.

मी वही घेऊन मागे गेले. "आबा, हे काय आहे?"

"फुल्या," ते म्हणाले. शेळीकडेच बघत होते.

"मग फोनवर काय सांगत होता?"

त्यांनी हातातला पाला संपवला, मग दगडावर बसले. "सरपंच यून गेला. दोनदा. लई गोड बोलला. म्हनला, लेकीला आवरा, दिवा गेला आन कुनाला बिबट्यानं धरलं तर गाव तुमाला इचारील. बाई, तू नगरला ऱ्हातीस. मला हितं ऱ्हायचंय. नळाला पानी नसलं की त्याचीच सून हंडा आनून देती. म्हनलं, आबाला दिसतंय असं तुला वाटलं तर तू भांडायची थांबशील. थांबलीस बी."

थांबले होते. हे मला त्या दिवसापासून खातंय.

"मग वहीत पण ठिपके काढायचे होते ना," मी म्हटलं. मी ओरडले असणार, कारण टर्नर नि सिस्टर धावत आले.

"वहीत कसं खोटं लिवू?" आबा म्हणाले, जणू मीच काहीतरी भलतं बोलले होते. मग जरा वेळाने, "तू आता असं लिव, म्हाताऱ्याचं डोळं गेलं. कुनालाच राग न्हाई यायचा."

उभ्या आयुष्यात माझ्या बापाने एकच खोटी गोष्ट सांगितली, तीही माझ्यापायी, आणि आता तो स्वतःचे डोळे द्यायला निघाला होता, का, तर गावात कुणाचं मन दुखावू नये. सिस्टरांनी त्यांना लांबच्या बाभळीवर किती पक्षी आहेत ते विचारलं. आबांनी मोजले, आम्ही मोजले, बरोबर होते. मी टर्नरना म्हटलं, जीप काढा.

दिवस मावळताना आबांना पुढच्या सीटवर बसवलं आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या माळावर गेलो, जिथून गावाचा खांब दिसत नाही. बाज नव्हती म्हणून सतरंजी अंथरली. सगळं आभाळ ताऱ्यांनी भरून गेलं. मी घाई करायला लागले तर म्हणाले, "थांब, डोळं मुरू दे." सिस्टरांनी आपली शाल त्यांच्या पायांवर टाकली.

"हाय की," आबा म्हणाले.

मग हात वर करून दाखवलं. "वरच्या शेजारनीपरीस बारीक. खालचीपरीस जरा मोठी. राळ्याएवढी म्हन." टर्नरनी दुर्बिणीला डोळा लावला, कागदावर ताडून बघितलं आणि मान डोलावली. आबा मान वर करून बसूनच राहिले. मधे एकदा धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि परत वर बघायला लागले. "वाळली न्हाई," म्हणाले, माहेरी आलेल्या लेकीविषयी बोलावं तसं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. स्वतःच्या अंगणातून दिसणारी गोष्ट दाखवायला मी माझ्या बापाला जीपमध्ये घालून डोंगरापलीकडे आणलं होतं, आजारी माणसाला तालुक्याला नेतात तसं. आणि रोज कोण आणणार होतं?

परतताना घाटातूनच तो खांब दिसला. सगळं गाव पांढरंफटक, आणि एकाही दारात माणूस नाही. आबांना घरी उतरवलं. त्यांनी खुंटीवरून वही काढली, बाजेवर बसले, आजच्या तारखेवर राळ्याएवढा ठिपका काढला. मग पान माझ्याकडे फिरवून पहिल्या फुलीवर बोट ठेवलं.

"हितं लिव. का दिसली न्हाई त्ये."

"काय लिहू, आबा? डोळे?"

त्यांनी कुलपं लावलेल्या घरांकडे बघितलं. सरपंचाच्या घराकडेही.

"दिवा लिव. सगळ्या फुल्यांम्होरं. खाली मी सही करतो." मग पेन्सिल माझ्या हातात देत म्हणाले, "आन गाव उसावरनं आलं की ग्रामसभेला ही वही मी नेईन. तू येऊ नको. तुझ्या भाषनानं आनखी एक खांब यायचा."

टर्नर हसले. मला हसू आलं नाही. आतून पिशवी आणून मी आधी रजिस्टरमधले अकरा आकडे खोडले. ते मागे घेते म्हणून पत्र लिहायचं होतं, ते नगरला गेल्यावर लिहिणार होते. मग वही मांडीवर घेतली आणि पहिल्या फुलीसमोर लिहिलं, दिवा. दुसरीसमोर लिहिलं, दिवा. आबा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून बघत होते, एखादी सुटू नये म्हणून. त्या रात्री अमावास्या होती, पण बॅटरी काढावी लागली नाही. सुईत दोरा ओवता येईल एवढा उजेड अंगणात होता. त्याच उजेडात आबांनी खाली सही केली.